साहेबांसाठी जिताडा

साहेबांना जेवायला जिताडाच घालायचा, हे माझ्या सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. कोणी नको म्हटलं नाही. मी म्हटलं, पण मी पडले पेणची. माझ्या माहेरी गणपतीच्या मूर्ती करतात, शेती नाही. त्यामुळे शेतातलं किंवा खाडीतलं मी काही बोलले, की आमच्या घरात ते पंख्याच्या घरघरीइतकंच ऐकलं जातं.

"पेणच्या बाजारात मिळतो की जिताडा," मी म्हणाले. "सकाळी जाऊन घेऊन येते."

"दारात उघाडी असताना पावन्याला बाजारची मासली घालाची?" सासरे म्हणाले. "लोक तोंडात शेन घालतील माझ्या."

त्यांचं नाव दयाराम म्हात्रे. गावात सगळे त्यांना दयारामबाबा म्हणतात, आणि उघाडी त्यांची आहे. म्हणजे मालकीची नाही, राखणीची. आमचं गाव खाडीच्या काठी, खारेपाटात. भाताची खाचरं भरतीच्या पाण्याहून खाली, आणि मध्ये काय तर एक मातीचा बांध. त्या बांधात एका ठिकाणी दगडी मोरी आहे आणि तिला खाडीच्या अंगाने एक जाडजूड लाकडी दार टांगलेलं आहे. तीच उघाडी. भरती आली की खाडीचं पाणीच दाराला रेटून ते बंद करतं. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी आतून दार ढकलतं आणि निघून जातं. माणसाने फक्त लक्ष ठेवायचं, आणि ते लक्ष ठेवणं पणज्याच्या आधीपासून म्हात्र्यांच्या घराकडे चालत आलेलं.

आता खरी गोष्ट अशी, की त्या दारावर सगळ्या गावाची जीभ लोंबकळलेली असते. अष्टमीच्या आसपास भरती बेताची असते, तिला भांग म्हणतात. त्या दिवसांत दारात लाकडी खुंटा अडकवून ते जरासं उघडं ठेवायचं. पाण्याबरोबर मासा आतल्या नाळीत, म्हणजे मोरीमागच्या चरात, येतो. मग खुंटा काढायचा, दार मिटलं की निश्चिंत, आणि ओहोटीला मोरीच्या तोंडाशी जाळं धरायचं. जे मिळेल त्याचे घरटी वाटे. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्या दाराला कोणी हात लावायचा नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, आणि त्या पोरांना ते सासऱ्यांनीच कान धरून शिकवलेलं आहे.

साहेब येणार होते ते पौर्णिमेला.

त्याचं कारणही ऐका. गौरी-गणपतींचं विसर्जन होऊन आठवडा झाला होता. भांगाची भरती आली आणि गेली, तेव्हा घरात गणपती बसलेले, मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. साहेब म्हणत होते, पुढच्या आठवड्यात येतो. पण पौर्णिमा संपली की पितृपक्ष, आणि पितृपक्षात पाहुण्याला मानाचं जेवण कसं घालायचं? सासऱ्यांनी फोनवर आग्रह करकरून त्यांना पौर्णिमेलाच यायला लावलं. म्हणजे मासा धरायचा तो आदल्या दिवशी, ऐन उधाणात. श्रावण पाळलेला, गणपती पाळलेले, अख्खं गाव वासासाठी तडफडत होतं. सासऱ्यांनी नुसतं म्हणायचा अवकाश, सगळे तयार झाले.

साहेबांना एवढं डोक्यावर घ्यायचं कारण आमच्या शेतात उभं होतं. ते एका भातविकास योजनेचे अधिकारी होते. त्यांनी खार सोसणारं नवं बियाणं दिलं, दोरी लावून ओळीत लावणी करायला शिकवली, चार रोपांच्या मध्ये खताची गोळी चिखलात दाबायला लावली. पहिल्या दिवशी गावातल्या बायका दोरी बघून खदाखदा हसल्या. केसरकाकी म्हणाली, "आता भात लावाचा का कपरे वाळत घालाचे?" पण आमच्या खाचरात ती दोरी मी धरली. माहेरी मूर्तीचे डोळे आखायची सवय होती मला, ओळ वाकडी जाऊ दिली नाही. आणि पीक असं आलं, की बांधावरून जाणारा थांबून बघायचा. साहेबांनी शब्द दिला होता: यंदाची कापणी चांगली उतरली, तर पुढच्या वर्षी बांधाला दगड लागेल आणि हिवाळ्यात कालव्याचं गोडं पाणी मिळेल. मग भातामागे वाल, कलिंगड, काय हवं ते. खारेपाटात दुसरं पीक कोणी पाहिलेलं नाही.

मला त्या दुसऱ्या पिकाशी गावाएवढं देणंघेणं नव्हतं, खरं सांगते. मला माझा नवरा घरी हवा होता.

मितेश न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. बंदरातून माल भरला की भिवंडी, पुणे, कधी थेट गुजरात. गेल्या हिवाळ्यात पहाटे त्याचा डोळा लागला आणि ट्रेलर दुभाजकावर चढला. शेजारी बसलेला क्लीनर, साहिल नावाचा, जागच्या जागी गेला. मितेशच्या कपाळावर नुसतं खरचटलं. तेव्हापासून घरी झोपला तरी त्याचा उजवा पाय मध्येच खाटेवर दाबला जातो, ब्रेकवर दाबावा तसा. मी जागी होते आणि तो पाय धरून बसते. आमची अमिषा चार वर्षांची आहे, तिला वाटतं बाबा झोपेत खेळतात.

त्याने मला शब्द दिला होता. "जमिनीने दोन पिकं दिली ना किशोरी, तर ट्रेलर सोडला. आईशप्पथ." तो त्याच्या आईसमोर म्हणाला होता, म्हणून मी विश्वास ठेवला.

तर आदल्या दिवशी सकाळी सगळे बांधावर जमले. सासरे, मितेश, शेजारचा चांगदेव आणि जोळातले बाकीचे. जोळ म्हणजे बांध राखणाऱ्या घरांची आमची जुनी मंडळी. मी डबा घेऊन गेले तेव्हा भरती चढू लागली होती आणि दारात खुंटा बसलेला होता. पाणी फटीतून फेसाळत आत येत होतं. पाण्यात काहीतरी चकाकलं आणि सगळे ओरडले. चांगदेव तर नाचायचाच बाकी होता.

"बाबा, पुरे झाला, काढा खुंटा," मितेश म्हणाला.

"थांब रं. जिताडा मागून येतंय. तो काय बोंबील हाय, पयल्या पान्याबरोबर यायला?"

थांबले. खाडी भराभर फुगत होती. मग सासऱ्यांनी खूण केली, दोघांनी दोर ओढून खुंटा काढला आणि दार मिटलं. मिटलं म्हणजे अर्धं मिटलं. खाडीतून कुणाच्या तरी मखराची लाकडी चौकट वाहत आली होती, विसर्जनात सोडून दिलेली, कागदी फुलं तिला अजून चिकटलेली. ती दार आणि दगडाच्या मध्ये जाऊन अडकली. मागून समुद्राचा रेटा, त्यामुळे ती जास्तच घट्ट बसली.

मितेशने कोयत्याने घाव घातले. चांगदेवने पहार लावली. पहार सटकून दारालाच बसली आणि लाकडात हातभर खोक पडली. पाणी आता फटीतून येत नव्हतं, लोटच्या लोट घुसत होतं. नाळ भरली, नाळीची कड बुडाली, आणि पाणी आमच्या खाचरात शिरलं. भात नुकतं निसवत होतं. कोवळ्या लोंब्या बाहेर येत होत्या आणि त्यांच्या बुडाशी गढूळ, फेसाळ खारं पाणी पसरत गेलं. पोटऱ्यांपर्यंत चढलं. सासरे बांधावर उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

दुपार कलल्यावर ओहोटी लागली. दाबाखाली अडकलेली चौकट आपोआप सुटून वाहत निघून गेली, दार उघडलं आणि पाणी परत फिरलं. ते परत फिरताना मासे इतके आले, की जाळं दोघांना उचलेना. जिताडे होते, काळुंद्रं होती, कोलंबी होती. मला वाटलं, आता हे लोक जाळं तिथेच टाकून घरी जातील. कसले जातात! वाटे घातले. मन लावून, नेहमीसारखे, घरटी एक वाटा. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला आणि संध्याकाळी गावात एकही घर असं नव्हतं, की ज्याच्या चुलीवर त्या पाण्यातला मासा शिजत नव्हता. आमच्याही होता. मी जेवले नाही. भूक नव्हती आणि रागही होता.

"साहेबांना आत्ता फोन लावा," मी मितेशला म्हणाले. "खारं पाणी शिरलं की दोन-तीन दिवसांत गोडं पाणी सोडून खाचर धुवावं लागतं, तुम्हीच सांगता ना सगळे? वरच्या गावांपर्यंत कालवा आहे, त्याचं पाणी इकडे सोडणं त्यांच्या हातात आहे."

मितेशने वडिलांकडे पाहिलं. सासरे भिंतीला टेकून बसले होते.

"उद्या येतंय ना तो," ते म्हणाले. "चार घास खाऊ दे त्याला. जेवला का मी सोता सांगन. पावना दारात यायच्या आधी त्याच्या नावाने रडाचा, ही काय रीत हाय?"

"आनि पाऊस गेला नाय अजून," सासूबाई, ठमीबाई, मध्येच म्हणाल्या. "एक जोराची सर आयली का खार उतरंल सगला."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण त्या म्हणाल्या तेव्हा घरातले सगळे जण दारातून वर बघून आले, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण होते, सांगोल्याकडचे, बोलायला मऊ. आजवर येऊन शेतातून परत जायचे, फार तर चहा घ्यायचे. घरात पाट मांडले होते, केळीची पानं मांडली होती. जोळातली चार मोठी माणसं पंगतीला होती. सासूबाईंनी जिताड्याचं कालवण केलं होतं, तुकड्या तळल्या होत्या, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने डोक्याकडची तुकडी साहेबांच्या पानावर ठेवली. आमच्याकडे तो मान आहे.

साहेबांनी दोन्ही हात जोडले. मग कॉलरच्या आत बोट घालून गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढली.

"दयारामभाऊ, राग मानू नका," ते म्हणाले. "मी माळकरी आहे. मी आधी सांगायला हवं होतं. मला भाकरीबरोबर चटणी चालेल, लोणचं चालेल. तुम्ही सगळे जेवा, माझं काही नाही."

सासऱ्यांचा हात पळीसकट हवेत राहिला. सासूबाईंनी धावत आत जाऊन डाळ शिजायला टाकली, मी दुसरं पान घातलं. साहेब बिचारे इतके संकोचले होते, की डाळ व्हायच्या आत त्यांनी भाकरी चटणीशी खाऊन टाकली. आणि मला हसू येत होतं, खरंच. घशाशी आलेलं, कडू. आम्ही समुद्र आत घेतला होता, ज्याच्यासाठी घेतला तो माणूस मासाच खात नव्हता, आणि हे विचारायला एका फोनवरचं एक वाक्य पुरलं असतं. विचारणार कोण? पाहुणा आणि मासा खाणार नाही, हे आमच्या गावाच्या डोक्यात येऊच शकत नाही.

जेवणं झाली. सासरे काही सांगेनात. सुपारी कातरत बसले. मी वाट पाहिली. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, आता हे सांगणार नाहीत. मासा साहेबांनी खाल्ला असता तर सांगितलं असतं कदाचित. आता काय सांगणार, तुम्ही न खाल्लेल्या तुकडीसाठी मी उधाणात दार उघडलं म्हणून?

साहेब हात धुवायला मागच्या दारी आले. पाणी मी घालत होते.

"साहेब, काल उघाडीतून खारं पाणी आत आलं," मी म्हणाले. "दार अडकलं होतं. आमच्या खाचरात पोटरीएवढं पाणी होतं. कालव्याचं पाणी आज सोडता येईल का?"

त्यांनी चटकन मान वर केली. हात तसेच ओले घेऊन ते पुढच्या दारी आले. "दयारामभाऊ, काल खारं पाणी शिरलं का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हसले. तसलं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"पोर पेनची हाय, साहेब. उधानाला बांध पाझारतंयच थोडासा. तिला वाटला समुद्रच आयला."

"व्हय, व्हय," चांगदेव म्हणाला. "दर उधानाला असाच असतंय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाच्या घरात कालचा मासा उरलेला होता. मी मितेशकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता.

साहेब शेतावर आले. भात हिरवंगार उभं होतं, वाऱ्यावर डुलत होतं. खार काही लगेच दिसत नाही. साहेब बांधावर उकिडवे बसले, एक लोंबी हातात घेऊन बघितली.

"पीक तर झकास आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "हे बघा, मी दुष्काळी भागातला माणूस. खारं पाणी म्हणजे काय, ते तुम्ही मला शिकवायचं. पण शंका असेल तर मी आत्ता फोन करतो, उद्यापर्यंत कालव्याचं पाणी येईल. कारण तेवढं लिहून द्यावं लागेल, आणि उघाडी बघायला एक माणूस येईल. बस."

उघाडीच्या दारावर कालची खोक ताजी होती. बांधाच्या कडेला खुंटा पडलेला होता, सगळ्यांना दिसेल असा. ज्याच्या घराने पिढ्यान्पिढ्या ते दार राखलं, त्याने उधाणात ते उघडं ठेवलं, हे बघायला बाहेरून माणूस येणार होता.

"कशाला उगाच," सासरे म्हणाले. "वरच्या गावांचा पानी तोडाल, त्या लोकांचे शिव्याशाप आमाला लागतील. काय गरज नाय, साहेब."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुम्हाला जास्त कळतं."

मला साहेबांच्या कानशिलात द्यावीशी वाटली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी अधिकारी शेतकऱ्याला जास्त कळतं म्हणत होता, आणि तोही नेमका आजच. जाताना ते मला म्हणाले, "वहिनी, तुमची काळजी कळली मला." आणि गाडीत बसले.

पाऊस आला नाही. सासूबाई रोज ओसरीवर येऊन आभाळ बघायच्या. मितेशची रजा संपली, तो बंदरावर गेला. एका सकाळी अमिषाला शाळेत सोडून मी मधल्या वाटेने येत होते, तर खाचरात सासरे दिसले. खांद्यावर कावड होती. गावच्या विहिरीतून दोन हंडे भरून आणायचे, भाताच्या बुडाशी ओतायचे, परत जायचे. कपाळावरून घाम गळत होता. एका कोपऱ्यातली चार-सहा रोपं त्यांनी भिजवली असतील. मी त्यांच्या कावडीतला एक हंडा घेतला. आम्ही दोघांनी ऊन तापेपर्यंत पाणी वाहिलं. एवढ्या शेताला ते पाणी म्हणजे काहीच नव्हतं, आणि दोघांनाही ते कळत होतं.

"आत्ता तरी फोन लावा," मी म्हणाले.

"आता लावला तर त्या दिवशी खोटा बोललो, हे बी सांगावा लागंल," ते म्हणाले. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांचा मनापासून राग आला. दोन्ही एकदम येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग लोंब्या पांढऱ्या पडायला लागल्या. पिकून वाकतात तशा वाकेनात, ताठच्या ताठ उभ्या राहिल्या. दाणा चिमटीत दाबला की नुसतं टरफल. आमच्या खाचरात, मग चांगदेवच्या, मग केसरकाकीच्या. गावात कोणी कोणाला काही विचारलं नाही. लोक शेताकडे जायची वाटच टाळू लागले.

दिवाळीआधी साहेब कापणी मोजायला आले. मितेश मुद्दाम सुट्टी काढून आला होता. चार कोपऱ्यांना काठ्या रोवून साहेबांनी चौकोन आखला, त्यातलं भात कापून झोडायला लावलं. सासूबाईंनी सुपाने वारवलं. वारा फारसा नव्हता, तरी सगळं उडून गेलं. सुपात उरलं ते मूठभरही नव्हतं. साहेबांनी ते सूप सासूबाईंच्या हातातून घेऊन खाली ठेवलं.

मग ते सासऱ्यांना बाजूला घेऊन गेले, पण मी आणि मितेश जवळच होतो, ऐकू येत होतं.

"दयारामभाऊ, एकदाच विचारतो. खारं पाणी शिरलं होतं का? शिरलं असेल तर मी तसं लिहितो. मग तो अपघात धरला जातो. पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा बियाणं मिळेल, बांधाचं कामही यादीत राहील. मी कोणाला दोष देणार नाही. पण नाही म्हणालात, तर मला लिहावं लागेल की हे बियाणं इथं चालत नाही. मग योजना दुसऱ्या गावाला जाईल."

ते हे हात जोडल्यासारखं बोलत होते. एवढं सरळ दार आमच्यासाठी कोणी कधी उघडलं नव्हतं. सासरे खाली बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. मागे चांगदेव, केसरकाकी, सगळं जोळ येऊन उभं राहिलं होतं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"नाय, साहेब," ते म्हणाले. "बियानाच फुसका निघाला."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी पुढे झाले.

"साहेब, मी त्या दिवशी सांगितलं होतं ते..."

"तू गप बस."

हे सासरे नाही बोलले. मितेश बोलला. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

"तुला काय कलतंय शेतीतला? बाबा बोलतात तसाच हाय, साहेब. बियाना खराब होता."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला त्याला विचारायचं होतं, तुला कळतंय का तू काय बोललास? ट्रेलर सोडायचा तो याच एका वाक्यावर सुटणार होता, हे तुला कळतंय ना? त्याला कळत होतं. त्याचे डोळे भरले होते. पण बाप गावासमोर खोटा पडत होता, आणि मुलाला ते बघवलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. उभ्या उभ्याच सही केली.

योजना खाडीपलीकडच्या गावाला गेली. ते आमच्यातल्या कोणालाही सांगावं लागलं नाही, पलीकडे दगडांचे डंपर रिकामे होताना बांधावरून दिसतात.

कापणी मोजली त्याच संध्याकाळी मितेश निघाला. गुजरातची फेरी होती, रात्रभराची. मी भाकऱ्या बांधल्या, पाण्याची बाटली भरली, कपड्यांची घडी घातली. तो ओसरीवर बुटांच्या नाड्या बांधत होता. अमिषा त्याच्या पाठीवर चढली होती.

"किशोरी," तो म्हणाला, "मी बाबांना काय सगळ्यांसमोर..."

"कळलं मला," मी म्हणाले.

तो अमिषाला पाठीवर घेऊनच उठला. दरवेळी निघताना मी त्याला एकच सांगते, झोप आली तर गाडी बाजूला घ्या. ते ऐकल्याशिवाय तो ओसरीची पायरी उतरत नाही. तो पायरीशी उभा राहून वाट बघत होता, मला कळत होतं. मी अमिषाला त्याच्या पाठीवरून उतरवून घेतलं आणि आत निघून गेले. मी ते सांगितलं नाही.